बकासुरानं ऊस खाल्ला नव्हता

सुभेदार हिंदुरावांनी दोन लढाया पाहिल्या, अंगावर ओरखडाही न उमटता कोरेगावला परत आले, आणि पुतण्याच्या लग्नात सोड्याच्या बाटलीपुढं हरले. ओपनर सापडेना, पाव्हणे खोळंबलेले, तेव्हा सुभेदारांनी फौजेतल्या सवयीनं बूच दातात धरलं. बूच निघालं, सोडा फसफसला आणि वरचा उजवा सुळा मुळाशी मोडला. उरलेला तुकडा काढून घ्यायला ते साताऱ्याला डॉक्टर क्रांतीबाईंकडं गेले, तेव्हा त्यांनी तक्रार अशी केलीच नाही. पाव्हण्यांना सोडा मिळाला, एवढंच सांगितलं.

क्रांतीबाई मूळच्या कुंडलच्या. वडील चळवळीतले, त्यामुळं नाव जन्मतःच मोठं मिळालेलं, आणि त्या नावाला साजेसं काहीतरी करत राहणं त्यांना भागच होतं. शहाण्णव सालच्या मे महिन्यात त्यांनी सुभेदारांच्या जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवला. पुण्याला जाऊन शिकून आल्यावरचं हे त्यांचं पहिलंच इम्प्लांट. हाडानं स्क्रू घट्ट धरायला सहा महिने द्यायचे आणि मग त्यावर सिरॅमिकची कॅप चढवायची, म्हणजे सुळा होता तसा परत. तोवर सुभेदारांना काढघालीचा एक तात्पुरता दात दिला होता. तो ते चारचौघांत बोलताना लावत आणि जेवताना सदऱ्याच्या खिशात ठेवत.

आता ही कॅप करायची कुणी, यावर सांगलीच्या महेंद्रचं पुढचं सगळं आयुष्य अडकलं होतं.

महेंद्र कवठे महांकाळचा. दात घडवण्याचं काम शिकून तो मुंबईला गेला आणि एका मोठ्या लॅबमध्ये आठ वर्षं राबला. तिथं त्यानं हजारो दात केले, पण ते ज्यांच्या तोंडात गेले त्यातलं एकही तोंड त्याला कधी दिसलं नाही. शेवटी त्याला त्याचा कंटाळा आला. बायको प्रियदर्शनीला सांगलीत शाळेत नोकरी लागली तसा तोही सामान बांधून आला आणि दोन खोल्यांत त्यानं आपली भट्टी मांडली. सांगली-साताऱ्याचे डॉक्टर त्याला कवळ्या द्यायचे. कवळीत तुमचा हात छान आहे म्हणायचे, आणि सिरॅमिकचं काम मात्र कुरिअरनं मुंबईला पाठवायचे. दोन वर्षं अशी गेली. त्यात जुन्या मालकाचं पत्र आलं, की तुझी खुर्ची डिसेंबरअखेरपर्यंत रिकामी ठेवतो, नंतर नाही.

महेंद्रला परत जायचं नव्हतं. रोज सकाळी मसालेदार चहा पिऊन आपल्या नावाच्या पाटीखालून आत शिरायची त्याला सवय लागली होती, आणि ही सवय सुटली तर आपण आतून मोडू असं त्याला खरोखरच वाटत होतं. म्हणून एके दिवशी तो नमुन्याच्या कॅपा घेऊन साताऱ्याला गेला आणि क्रांतीबाईंपुढं त्यानं दातांच्या कण्या केल्या.

“हे बघा महेंद्र,” क्रांतीबाई म्हणाल्या, “मुंबईची कॅप मोडली तर मी मुंबईवाल्यांना शिव्या देईन. तुमची मोडली तर सुभेदार मला देतील. फौजेतल्या शिव्या आहेत त्या.”

मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात तक्ता होता. माणूस वर्षाला अडीच लाख वेळा चावतो, एका चाव्याला पाच किलोचा जोर धरायचा, असा सगळा हिशेब. बाईंनी तो कागदावर उतरवून दिला. “पाच वर्षांचे साडेबारा लाख चावे. तेवढे टिकवून दाखवा, सुभेदारांचा दात तुमचा. हा बसला, की माझं सगळं सिरॅमिक तुमच्याकडं.”

महेंद्र कागद घेऊन सांगलीला आला तो थेट नाथाजी मिस्त्रीच्या लेथवर. नाथाजी पन्नाशीचा, तोंडानं फटकळ, पण लोखंडाला कसं बोलतं करायचं ते त्याला बरोबर कळायचं. त्यानं कागद दोनदा वाचला.

“म्हंजे नुसतं चावायचं? गिळायचं न्हाई?”

“नाही.”

“मग सोपं हाय गड्या. आमच्या घरात गिळनारीच लय हायत.”

पंधरा दिवसांत यंत्र उभं राहिलं. जुन्या कूलरची मोटर, नाथाजीनं कातलेला, फिरताना वजन उचलून सोडणारा एक अंडाकृती क्याम, वर किराणा दुकानातलं पाच किलोचं वजन. खाली क्रांतीबाईंच्या दवाखान्यात कुणाचा तरी उपटलेला खरा दात पक्का बसवलेला, वर स्क्रूच्या नमुन्यावर महेंद्रची कॅप. लाळ म्हणून सलाइनची बाटली थेंब थेंब गळायची. चावे मोजायला माधवनगरच्या एका भंगारवाल्याकडून मागावरचा काउंटर आणला होता. त्याला पाचच आकडे, त्यामुळं दर लाखाला तो शून्यावर यायचा आणि महेंद्र भिंतीवर खडूची एक रेघ ओढायचा. यंत्र सुरू झालं आणि सेकंदाला एक या चालीनं टक् टक् खाऊ लागलं. नाथाजीनं त्याचं नाव ठेवलं बकासुर.

बकासुरानं आळीचं डोकं उठवलं. शेजारच्या चंद्राबाई रोज दारातून विचारायच्या, “अजून जेवतंयच व्हय तुमचं पाव्हणं?” वीज गेली की बकासुराला उपास घडायचा. वीज आली की तो राहिलेल्या घासापासून पुढं सुरू व्हायचा. महेंद्र कवळ्या घासता घासता कान तिकडंच ठेवायचा. आवाजात जरा फरक पडला की तो हातातली कवळी ठेवून उठायचा, आणि बघावं तर वजनाची कडी तेवढी सैल झालेली असायची. दर लाखाला तो कॅप काढून भिंगाखाली धरायचा. तडा नाही, टवका नाही. दिवाळीच्या दोन दिवस आधी बारा रेघा आणि वर पन्नास हजार झाले. प्रियदर्शनीनं भिंतीला हळदीकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

साताऱ्यात क्रांतीबाईंनी कॅप भिंगातून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि कंदी पेढ्यांचा पुडा उघडला. “काम तुमचं,” त्या म्हणाल्या. “दिवाळीनंतर कोरेगावला जाऊन दाताचा रंग जुळवून या. दिवसाच्या उजेडात जुळवा, माझ्या ट्यूबलाइटवर माझा भरवसा नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी त्यांना बसवायला बोलावते.”

महेंद्रनं आयुष्यात पहिल्यांदा आपला दात जाणार ते तोंड बघितलं ते असं, कोरेगावच्या मळ्यात, सकाळी दहाच्या उन्हात. सुभेदार खुर्चीवर ताठ बसले होते. मिशीला पीळ, मान सावधानमध्ये. महेंद्रनं रंगाच्या नमुन्यांची पट्टी काढून एकेक नमुना शेजारच्या दाताला लावून बघायला सुरुवात केली. सुभेदारांचं बोट सगळ्यात पांढऱ्या नमुन्यावर गेलं.

“ह्यो द्या.”

“आवं, काय तरीच काय,” त्यांच्या पत्नी अंजनाबाई मागून म्हणाल्या. “येकच दात उजळ दिसला, तर बाकीच्यांची चौकशी हुईल.”

चहाचा आणि बिडीचा इतिहास असलेला पिवळट रंग नक्की झाला. महेंद्र उठला, पण उसाच्या दिवसांत मळ्यात आलेला माणूस तसाच परत जाऊ द्यायची रीत तिकडं नाही. सुभेदारांनी दोन ऊस मोडून आणले. एक महेंद्रला दिला. कवठे महांकाळच्या कोरडवाहू गावात ऊस दिसायचा तो बाजाराच्या दिवशी, विकत घेतलेला, कोयत्यानं कांड्या करून ठेवलेला. त्यामुळं अख्खा ऊस हातात आल्यावर महेंद्र जरा गडबडला. सुभेदारांनी तात्पुरता दात खिशात टाकला, ऊस तोंडात डाव्या बाजूला आडवा धरला, सुळा सालीत रुतवला आणि मान एकदम बाजूला झटकली. हातभर साल सरकन निघाली. पुन्हा रुतवला, पुन्हा झटका.

महेंद्रच्या हातातला ऊस तसाच राहिला.

“सुभेदारसाहेब, आधी कुठल्या बाजूनं सोलत होता?”

“उजव्या. ह्यो सुळा हुता तवा.” त्यांनी रिकाम्या जागेला जीभ लावली. “डाव्या बाजूनं मजा न्हाई रं. आन् ह्यो खिशातला दात उसात घातला की उसाबरूबरच भाईर येतो. म्हनून तर हाडात स्क्रू मारून घेतला. न्हाई तर मला म्हाताऱ्याला कशाला पायजे एवढी नक्षी?”

कोरेगावहून सातारा, साताऱ्याहून सांगली. साऱ्या एसटीभर महेंद्र खिडकीतून उसाचे फडच बघत आला. बकासुर साडेबारा लाख वेळा चावला होता, पण सगळ्या वेळा सरळ वरून खाली. त्याला मान नव्हती. झटका म्हणून काही असतो हे त्याला माहीतच नव्हतं. इंग्रजी पुस्तकातला माणूस पाव खात होता, भाजी खात होता, ऊस काही तो सोलत नव्हता. महेंद्रचं एक सोडा, तो दुष्काळी भागातला. पण डॉक्टरीणबाई कुंडलच्या आणि नाथाजीचं आजोळ पलूसचं. उसाच्या फडात वाढलेली माणसं, पण पुस्तक उघडल्यावर एकालाही आपलं तोंड आठवलं नाही.

घरी आल्यावर त्यानं प्रियदर्शनीला सगळं सांगितलं आणि मग हळूच म्हणाला, “बाईंनी पास केलंय. कागदात उसाचं काही नव्हतं. मी गप्प बसलो तर माझं चूक धरता येणार नाही.”

प्रियदर्शनी वह्या तपासत होती. तिनं मान वर केली नाही. “मोडायचाच असेल, तर कुठं मोडलेला चालेल तुम्हाला? बकासुराच्या तोंडात का सुभेदारांच्या?”

दुसऱ्या दिवशी महेंद्र उसाची मोळी घेऊन लेथवर गेला.

नाथाजीनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग दोघांनी झटक्याचा जोर मोजायचं ठरवलं. ऊस पकडीत आवळला, सालीचं टोक चाकूनं सोडवून त्याला ताणकाटा अडकवला आणि ओढलं. सात किलो. दुसऱ्या उसाला आठ. गाठीपाशी नऊ. नाथाजीला काट्यावर विश्वास बसेना म्हणून त्यानं मधेमधे स्वतःच्या दातांनी सोलून पडताळा घेतला, आणि दुपारपर्यंत शास्त्रासाठी त्यानं पाच ऊस खाल्ले. संध्याकाळी बकासुराला एक आडवा हात बसला. आता तो चावायचा, धरायचा आणि बाजूला हिसडा द्यायचा, एका खेपेला चार सेकंद.

सुभेदारांचा हिशेब महेंद्रनं निघतानाच विचारून घेतला होता. दिवसाला दोन ऊस, म्हणजे शंभरेक झटके. हंगाम पाच महिन्यांचा. पाच हंगामांचे पंच्याहत्तर हजार झटके. उगाच सबब नको म्हणून त्यानं जुनी कॅप बाजूला ठेवली आणि नवी कोरी चढवली.

दोन हजार एकशे चाळिसाव्या झटक्याला टिच्च असा आवाज झाला. फार लहान आवाज होता, पण महेंद्रला तो भट्टी फुटल्यासारखा ऐकू आला. सुळ्याच्या टोकाचा टवका उडाला होता आणि सिरॅमिकखालची धातूची टोपी करडी दिसत होती. म्हणजे सुभेदारांच्या हिशेबानं एकविसाव्या-बाविसाव्या दिवशीच. महेंद्रनं मोटर बंद केली आणि तो स्टुलावर बसला. त्याला रडू आलं नाही, पण मुंबईची ती खुर्ची, तिच्या फाटलेल्या रेग्झिनसकट, डोळ्यांपुढं दिसली.

नाथाजीनं तुकडा उचलून उजेडात धरला. “कोपऱ्याला खालून वासाच न्हाई रं. वासा नसला की वारं आदी कोपऱ्याचाच पत्रा उचलतं.”

गुरुवारी महेंद्र साताऱ्यात पोचला तेव्हा सुभेदार तोंड उघडून दवाखान्याच्या खुर्चीत होते आणि अंजनाबाई शेजारी पिशवी घेऊन बसल्या होत्या.

“आणली कॅप?” क्रांतीबाईंनी हात पुढं केला.

महेंद्रनं त्या हातावर काड्यापेटी ठेवली. बाईंनी ती उघडली. आत कापसावर मोडकी कॅप, शेजारी टवका.

“हे काय?”

“मॅडम, मोडली. बकासुराला ऊस सोलायला लावला. सुभेदारसाहेब ह्याच सुळ्यानं ऊस सोलायचे. आपण कुणी विचारलंच नाही. सरळ चाव्याला माझी कॅप टिकते, झटक्याला टिकत नाही.” एवढं बोलून त्यानं खाली बघितलं. वाटेत पाठ केलेलं पुढचं सगळं तो विसरला होता.

क्रांतीबाई सुभेदारांकडं वळल्या. “मला का नाही सांगितलं उसाचं?”

“तुमी इचारलं, बिडी वडता का, साखर हाय का, छातीत दुकतं का,” सुभेदार म्हणाले. “उसाचं कुठं इचारलं? मला वाटलं, दात म्हनल्यावर ऊस आलाच की त्यात.”

बाईंनी काड्यापेटी मिटली. मग स्वतःशीच हसल्या. “माझा पहिला दुधाचा दात उसाच्या कांड्यात अडकून निघाला होता. आईनं तो कांड्यासकट कौलावर फेकला होता. आणि मी ह्यांना तक्ता लिहून देते.” हसू लवकरच विरलं. “महेंद्र, सांगितलंत ते फार चांगलं केलंत. पण आता मला हा दात मुंबईलाच पाठवावा लागेल. माझं पहिलंच इम्प्लांट आहे.”

महेंद्रनं मान हलवली. त्याला बाईंचा राग आला नाही. त्यांच्या जागी तो असता तर त्यानंही तेच केलं असतं, आणि याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

सुभेदार खुर्चीत उठून बसले. त्यांनी काड्यापेटी मागून घेतली, तुकडा बोटावर घेऊन नीट बघितला.

“डाक्टरीणबाई, त्या मुंबईवाल्यानं त्येचा दात उसाला लावून बघितलाय?”

“नाही. ते असं यंत्रावर घालून बघत नाहीत.”

“म्हंजे तो कुठं मोडतो ते त्येला ठाव न्हाई.”

“नाही.”

“ह्या पोराला ठाव हाय.” त्यांनी टवका परत कापसावर ठेवला. “आमच्या पलटनीत नवा पूल झाला की बांधनाऱ्यालाच पयल्यांदा पुलावरनं चालवायचे. ह्यो तर आपल्याच पुलावर ट्रक घालून, मोडून, वर सांगाय आलाय. माझा दात ह्योच करंल. मी थांबतो.”

“किती दिवस?” बाईंनी विचारलं.

“तीन आठवडे,” महेंद्र म्हणाला.

नाथाजीचा वासा महेंद्रच्या डोक्यातून गेला नव्हता. त्यानं आतली धातूची टोपी नव्यानं घडवली. टोकाकडं आणि ज्या बाजूला हिसडा बसतो त्या कडेला धातू वर चढवला, म्हणजे सिरॅमिकचा थर कुठंही नुसता लोंबता राहायला नको. एक भट्टीत बिघडली, दुसरी रंगात चुकली, तिसरी बकासुराला दिली. चार दिवसांनी काउंटर पंच्याहत्तर हजारांवर आला. नाथाजी यंत्र बंद करू देईना. वर पंचवीस हजार पाव्हण्यांसाठी म्हणाला. आकडे फिरून शून्यावर आले, तेव्हा भिंगाखाली कॅप जशीच्या तशी होती. महेंद्रनं भिंतीवर एक रेघ ओढली आणि तीच घडण धरून सुभेदारांच्या रंगाची चौथी कॅप केली.

क्रांतीबाईंनी ती बसवली आणि एक आठवडा उसाला तोंड लावायचं नाही अशी ताकीद दिली. आठव्या दिवशी, डिसेंबरचे शेवटचे दोन-तीन दिवस उरले असताना, सुभेदार अंजनाबाईंना आणि उसाच्या मोळीला घेऊन सांगलीला महेंद्रच्या दारात उतरले. मोडला तर दुरुस्ती जाग्यावर, एवढंच ते म्हणाले. चंद्राबाई आल्या, नाथाजी आला, प्रियदर्शनी शाळेतून नुकतीच आली होती. सुभेदारांनी बकासुरासमोर उभं राहून ऊस तोंडात उजव्या बाजूला धरला, सुळा रुतवला आणि मान झटकली.

साल हातभर निघाली. दात जागेवर होता.

त्यांनी अख्खा ऊस सोलला. अंजनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि धूळ फार हाय हितं म्हणाल्या. महेंद्र त्या सालींच्या ढिगाकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत आपला दात खाताना त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता.

“ती काड्यापेटी कुठाय?” सुभेदारांनी तोंड पुसत विचारलं.

“मोडक्या कॅपची? टाकून दिली असेल.” महेंद्रनं ती खणात अगदी मागं लपवून ठेवली होती. प्रियदर्शनीनं खण उघडून ती काढून दिली.

सुभेदारांनी पेटी सदऱ्याच्या खिशात घातली, जिथं पूर्वी तात्पुरता दात असायचा तिथं. “नवा दात लोकांस्नी दिसनारच. ह्यो दाखवायला लागतो.”

महेंद्रला आधी लाजच वाटली. आपलं मोडलेलं काम साऱ्या तालुक्यात फिरणार, या विचारानं त्याला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. तरी एकतीस तारखेला त्यानं मुंबईला पत्र टाकलं, की खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी.

फेब्रुवारीत एका दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. काखेत पिशवी, बरोबर सून. आपण कोरेगावच्या राहीबाई, साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणली आहे, असं तिनं सांगितलं. चिठ्ठी मात्र तिनं लगेच दिली नाही. आधी आत डोकावून बकासुराकडं बघितलं, मग महेंद्रला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“सुभेदार पेटी दाखवत्यात ते, आपलाच दात मोडून बघनारं, ते तुमीच का?”

महेंद्रनं हात पुसून चिठ्ठीसाठी पुढं केला.

“व्हय, मीच,” तो म्हणाला. “बसा. आणि आधी सांगा, दातानं काय काय करता?”